तरलेल्यांची विस्मृती

ज्याने भोगलं त्यालाच दुसऱ्याचं दुखणं कळतं, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे की तिला कुणी पुरावा मागत नाही. नोकरी गेलेल्या मुलाला घरचे लोक अशा काकांकडे पाठवतात, ज्यांची नोकरी पूर्वी कधीतरी गेली होती. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई सल्ल्यासाठी आधी तशाच एखाद्या बाईला गाठते. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं निवड झालेल्या अधिकाऱ्यांच्या व्याख्यानांना गर्दी करतात, तीही याच भरवशावर. कंपन्यांनी तर या समजुतीची रीतसर योजनाच केली आहे. नव्या माणसाला जुना माणूस मेंटॉर म्हणून नेमून द्यायचा, जुन्याने आपले चढउतार सांगायचे, नव्याने त्यातून धीर घ्यायचा. या सगळ्यात तथ्य आहेच, पण निम्मं. उरलेलं निम्मं असं की संकटातून बाहेर पडलेला माणूस ते संकट फार लवकर विसरतो, आणि आपण विसरलो आहोत याचा त्याला पत्ताही नसतो.

हे नुसतं माझं मत नाही. रेचल रटन, मेरी-हंटर मॅक्डॉनल आणि लोरन नॉर्डग्रेन या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१५ साली या समजुतीची प्रयोगांनी परीक्षा घेतली. एका प्रयोगात मिशिगन सरोवराच्या बर्फगार पाण्यात उडी मारण्याच्या कार्यक्रमाला आलेले लोक होते. उडी मारायचं ठरवून ऐनवेळी कच खाल्लेल्या एका माणसाची गोष्ट काहींना उडीच्या आधी वाचायला दिली, काहींना उडी मारून झाल्यावर. ज्यांची उडी मारून झाली होती त्यांना त्या माणसाची कणव कमी आली. दुसऱ्या प्रयोगातली गोष्ट बेरोजगार तरुणाची होती. खटपट करूनही काम मिळेना म्हणून तो शेवटी अमली पदार्थ विकायला लागतो. त्याच्याबद्दल सगळ्यात कठोर मत कुणी दिलं? बेरोजगारी भोगून तिच्यातून बाहेर आलेल्यांनी. तिसरा प्रयोग शाळेतल्या छळाचा. लहानपणी स्वतः छळ सोसलेल्यांना धीराने तोंड देणाऱ्या मुलाबद्दल माया वाटली, पण त्याच छळाने पिसाळून हात उगारणाऱ्या मुलाबद्दल त्यांची माया आटली. म्हणजे तरलेला माणूस तरणाऱ्याचा सोबती होतो. बुडणाऱ्याचा होतोच असं नाही. गंमत अशी की बाकीच्यांना विचारलं, तर ‘अशा वेळी अनुभवी माणसाकडेच जावं’ असं त्यांचं उत्तर होतं.

कारण फार गूढ नाही. वेदना आठवते ती घटना म्हणून; तिचं वजन आठवत नाही. शिवाय आपण त्यातून निभावलो एवढं पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे ते निभावण्यासारखंच होतं असं वाटू लागतं. ‘आमच्या वेळी असले लाड नव्हते’ या आपल्या घरोघरच्या वाक्यात ही सगळी प्रक्रिया आयती सापडते. तेही तसं पाहिलं तर स्वानुभवाचं कथनच आहे आणि बोलणारा अगदी मनापासून बोलत असतो. पण त्याचा ऐकणाऱ्याला काडीचा उपयोग नसतो. तेव्हा अडचणीतल्या माणसाला हात देणाऱ्याबद्दल विचारायचा पहिला प्रश्न ‘तुम्ही यातून गेला आहात का’ हा नसावा. गेल्याचं विसरू नये म्हणून काय तजवीज केली आहे, हा असावा. चांगलं मार्गदर्शन मनाच्या मोठेपणावर चालत नाही. ते अशा तजविजीवर चालतं, आणि याचा सगळ्यात जुना, सगळ्यात तपासला गेलेला दाखला व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात आहे.

बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला दलाल. दारूपायी धंदा बुडालेला, १९३४ च्या डिसेंबरात टाउन्स हॉस्पिटलमध्ये दाखल झालेला, ते चौथ्यांदा. तिथे त्याला काही आध्यात्मिक साक्षात्कार झाला आणि त्याची दारू सुटली. मग पुढचे काही महिने त्याने दिसेल त्या दारुड्याला आपला साक्षात्कार ऐकवण्याचा सपाटा लावला. एकाचीही सुटली नाही. हॉस्पिटलचे डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितलं की उपदेश बंद कर, आधी या आजाराबद्दल बोल. १९३५ च्या मे महिन्यात तो एका धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी गेला. ते काम फसलं. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका टोकाला बार होता आणि दुसऱ्या टोकाला चर्चच्या पत्त्यांची यादी लावलेली. आपण आता बारकडे वळणार हे त्याला कळून चुकलं. त्याने यादी पाहून फोन फिरवायला सुरुवात केली: मला एखाद्या दारुड्याशी बोलायचं आहे. त्या फोनांतून तो रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकापर्यंत पोचला. डॉक्टरांचा व्यवसाय दारूने मोडकळीला आलेला होता आणि उपदेश ऐकून ऐकून कान किटलेले होते. ते १५ मिनिटांच्या बोलीवर आले आणि सहा तासांहून जास्त बसले.

या भेटीची गोष्ट नेहमी ‘समदुःखी भेटले’ अशी सांगितली जाते. पण समदुःखी तर बिल विल्सन आधीचे पाच महिनेही होता. त्या दिवशी वेगळं होतं ते एवढंच की तो मदत करायला नव्हे, स्वतःला वाचवायला आला होता. त्या संध्याकाळी तो तरलेला नव्हता. दारूची ओढ त्याच्या अंगात ताजी होती, आणि समोरच्याला काही शिकवण्याइतकं उंच आसन त्याच्यापाशी नव्हतं. डॉक्टरांनी पुढे सांगितलं त्याचा आशय असा: दारूबद्दल स्वतःच्या अनुभवातून माझ्या भाषेत बोलणारा हा पहिला माणूस. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. काही आठवड्यांनी डॉक्टर एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पिऊन परतले. त्यांना लगेच एक शस्त्रक्रिया करायची होती, हात थरथरत होते. १० जून १९३५ च्या सकाळी बिल विल्सनने स्वतः त्यांना हात स्थिर व्हावेत म्हणून बिअरची बाटली दिली. ती त्यांची शेवटची. ज्याला त्या थरथरीचं वजन आठवत होतं तोच हे करू शकला असता. नियम पाळणाऱ्याने व्याख्यान दिलं असतं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (ए.ए.) ही चळवळ हाच दिवस आपला जन्मदिवस मानते.

पुढे या चळवळीने जी रचना उभी केली, ती पाहिली की तिचा प्रत्येक खिळा विस्मृतीविरुद्ध ठोकलेला दिसतो. ए.ए.च्या मीटिंगमध्ये ३० वर्षं थेंबाला न शिवलेला माणूसही उठून स्वतःचं पहिलं नाव सांगतो आणि ‘मी अल्कोहोलिक आहे’ असंच म्हणतो. ‘होतो’ म्हणत नाही. ‘आजचा दिवस’ एवढाच हिशेब. घसरला तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. नव्या माणसाचा हात धरणाऱ्याला स्पॉन्सर म्हणतात, पण त्या स्पॉन्सरलाही स्वतःचा स्पॉन्सर असतो. पुढाऱ्याकडे सेवेचं काम असतं, हुकूम चालवण्याचा अधिकार नसतो. वर्गणी सक्तीची नाही, आणि वर्तमानपत्रात नाव-फोटो छापून कुणी या चळवळीचा चेहरा व्हायचं नाही. यातल्या आडनाव न सांगण्याच्या प्रथेकडे आपण लाजेची सोय म्हणून पाहतो. ती सोय आहेच. पण त्याहून मोठा परिणाम असा की कुणाला आपल्या तरण्याचं भांडवल करता येत नाही. आपल्याकडच्या सत्कार समारंभांच्या नेमका उलट हा प्रकार. शाल, श्रीफळ आणि ‘संघर्षातून यशाकडे’ असा फलक लागला की त्या माणसाचं पैलतीरावर जाणं पक्कं होतं आणि परतीची वाट बंद होते.

ही तजवीज काढून टाकली तर काय होतं, हेही इतिहासाने दाखवून ठेवलं आहे. चार्ल्स डेडरिक हा ए.ए.मध्येच दारू सुटलेला माणूस. १९५८ साली त्याने कॅलिफोर्नियात सिनानॉन नावाची वसाहत काढली. तिथे मुख्यतः हेरॉइनच्या व्यसनात अडकलेले लोक राहायचे आणि सांभाळणारेही पूर्वीचे व्यसनीच. सुरुवातीला देशभर कौतुक झालं. उपचाराचं मुख्य साधन ‘गेम’. वर्तुळात बसायचं, एकाला धरायचं आणि त्याच्या खोटेपणाची, ढोंगाची सगळ्यांनी मिळून आरडाओरडा करत, शिव्या देत चिरफाड करायची. हातचं काही राखायचं नाही. खरेपणाचा याहून मोठा आग्रह कुठे सापडणार? समदुःखही भरपूर होतं. पण डेडरिकचा स्पॉन्सर कुणी नव्हता, त्याला कुणी अडवणार नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पुरुषांवर नसबंदीची सक्ती झाली, जोडप्यांना जोडीदार बदलायला लावले गेले. ऑक्टोबर १९७८ मध्ये सिनानॉनविरुद्ध खटला लढवणारे वकील पॉल मोरँट्झ यांच्या घरच्या टपालपेटीत खुळखुळ्या साप सोडण्यात आला. साप डसला, पण वकील वाचले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डेडरिकला अटक झाली तेव्हा तो दारूच्या नशेत होता. भोगलेला अनुभव तोच, बोलण्यातला परखडपणा तर दुप्पट, आणि शेवट हा.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो आपल्या मातीतला आहे. माणूस कडक वागवल्याशिवाय घडत नाही; समजून घेत बसलात तर तो आणखी ढिला पडतो. याला मराठी माणसाकडे हुकमी उदाहरण असतं: गोपाळराव जोश्यांनी छळ केला नसता तर आनंदीबाई डॉक्टर झाल्या असत्या का? आनंदीबाईंनी स्वतः नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात लहानपणच्या माराचा उल्लेख आहे, तेव्हा छळाबद्दल वाद नाही. पण गोष्ट तिथे संपवणं सोयीचं पडतं. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी एका नियतकालिकात छापलेला पत्रव्यवहार वाचून कधी न पाहिलेल्या या मुलीला पत्र पाठवलं. तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली, आणि १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या त्या याच घरी. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात डीन रेचल बॉडली यांनी त्यांना सांभाळून घेतलं. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, त्यात धाक किती आणि हा आधार किती हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. दुसरं असं की त्याच काळात तशाच माराखाली मोडून गेलेल्या मुलींची चरित्रं कुणी लिहिलेली नाहीत. कडक गुरूचा पुरावा नेहमी वाचलेल्या शिष्यांकडूनच येतो.

मोजमाप हवं असेल तर तेही आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८० साली दारू कमी करू पाहणाऱ्या लोकांवर उपचार करणाऱ्या समुपदेशकांची तुलना केली. सगळ्यांची पद्धत एकच होती. फरक होता तो समोरच्याचं म्हणणं किती नीट ऐकून समजून घेतलं जातं यात. सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या पिण्यात जो फरक दिसला, त्यातला सुमारे दोन-तृतीयांश भाग या एका गुणाशी जोडता आला. १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उलट बाजू तपासली: समुपदेशक जितका अंगावर जात होता, दोष दाखवत होता, तितकं त्याच्या रुग्णाचं पिणं वर्षभरानंतर जास्त होतं. सिनानॉनच्या ‘गेम’वर याहून कोरडं भाष्य नाही. समजून घेणं म्हणजे मान डोलावणं मात्र नव्हे. ए.ए.चा स्पॉन्सर घसरलेल्या माणसाला ‘चालायचंच’ म्हणत नाही. मोजणी पहिल्या दिवसापासूनच सुरू करायला लावतो. पण ते सांगताना स्वतःच्या पहिल्या दिवसाची आठवण त्याच्या आवाजात असते.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो जास्त जड आहे. ए.ए.मध्ये टिकतात ते मुळातच सुधारायचा निश्चय केलेले लोक. मग श्रेय मीटिंगला कसं? २००६ साली कोक्रेन या संस्थेने घेतलेल्या आढाव्यात ठोस निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा सापडला नव्हता, हे कबूल करायला हवं. २०२० मध्ये जॉन केली, कीथ हम्फ्रीज आणि मारिका फेरी यांनी तोच आढावा नव्याने घेतला. तोवर लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या उपचारांत वाटून केलेले चांगले अभ्यास जमले होते. एकूण २७ अभ्यास, १०,५६५ लोक. व्यवस्थित आखणी करून रुग्णांना ए.ए.शी जोडून देणारे उपचार हे दारू पूर्ण सुटून राहण्याच्या बाबतीत इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. म्हणजे निवडीचा प्रश्न बाजूला केल्यावरही काही शिल्लक राहतं. तरी सोडून जाणारे पुष्कळ, ईश्वराची भाषा न रुचणारे पुष्कळ, आणि त्यांच्यासाठी दुसरे रस्ते असायला हवेत, यात शंका नाही.

याच साहित्यात एक अडचणीचा निष्कर्ष आहे, जो मेंटॉरशिपचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकांत सहसा दिसत नाही. बाल्टिमोरमध्ये सुईने नशा करणाऱ्या लोकांवर झालेल्या आणि २००२ साली छापून आलेल्या अभ्यासात स्पॉन्सर असण्याचा नशेपासून दूर राहण्याशी संबंध आढळला नाही. दुसऱ्याचा स्पॉन्सर होण्याचा मात्र ठळक संबंध आढळला. २००४ सालच्या आणखी एका विश्लेषणात, उपचारानंतरच्या वर्षात इतर व्यसनींना मदत करणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर राहिले, मदत न करणाऱ्यांपैकी २२ टक्के. फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्येच लिहून ठेवलं होतं की मदत करणाऱ्याला होणारा फायदा घेणाऱ्याइतकाच, कधी त्याहून जास्त असतो. मग हा सगळा परोपकार म्हणजे स्वतःचीच औषधयोजना म्हणायची का? मला यात आक्षेपार्ह काही वाटत नाही. उलट लपवलं तर आक्षेपार्ह. अॅक्रनमध्ये बिल विल्सनने हेच उघड सांगितलं होतं की मला तुमची गरज आहे. ज्याला गरज नाही तो दान करतो, आणि दान घेणाऱ्याने उपकृत राहावं ही अपेक्षा मागोमाग येते. धोका दुसरीकडे आहे: नवा माणूस जुन्याच्या बरं राहण्याचं साधन होऊन बसणं. तो टाळायला तिसऱ्या कुणाचं तरी लक्ष लागतं.

महाराष्ट्रात हे तिसरं लक्ष संस्थेच्या रूपात उभं राहिलं ते पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात. ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, शहरांत पसरली. अनिल अवचटांनी तिच्यावर वर्तमानपत्रात लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. धुरा डॉ. अनिता अवचट यांच्याकडे होती. त्या मनोविकारतज्ज्ञ, व्यसन त्यांना कधी शिवलेलं नव्हतं. तिथे रुग्णाला रुग्णमित्र म्हणतात, आणि आज बरे झालेले अनेक रुग्णमित्र तिथेच कार्यकर्ते, समुपदेशक म्हणून काम करतात. व्यसनींच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. या रचनेत मला मोलाची वाटते ती जोडी: भोगलेला माणूस आणि न भोगलेला, पण प्रशिक्षित माणूस. भोगलेला रुग्णाच्या थापा पहिल्या वाक्यात ओळखतो, कारण त्या त्यानेही मारलेल्या असतात. पण रुग्णाची कथा ऐकताना त्याची जुनी जखम उघडी पडली, किंवा तो अधीर झाला, तर ते ओळखायला दुसरा लागतो. आणि ‘सहचरी’ने एक वेगळंच वास्तव समोर आणलं की त्या घरात भोगणारा एकटा दारुडा नव्हता. सुटल्याचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला बायकोच्या तोंडून तेच दिवस ऐकणं हे विसरू न देण्याचं फार परिणामकारक साधन आहे.

आता खरी कसोटी. भोगलेला अनुभव अजिबात नसेल तर? गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या ‘संगथ’ या संस्थेने याचं उत्तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत शोधलं. माध्यमिक शिक्षण झालेले, मानसोपचाराची पदवी नसलेले स्थानिक लोक निवडले, त्यांना थोड्या काळाचं प्रशिक्षण दिलं आणि दारूने घातक पातळी गाठलेल्या पुरुषांशी कोंकणी, मराठी, हिंदीत बोलायला बसवलं. फार तर चार भेटी. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आले. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेले लोक समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. वर्षभरानंतर हे अंतर ५४ आणि ३२ इतकं झालं होतं. नैराश्याने ग्रासलेल्यांसाठीच्या अशाच कार्यक्रमात ६४ विरुद्ध ३९ टक्के. हे समुपदेशक दारूतून उठलेले असावेत अशी अट नव्हती आणि ‘मीही यातून गेलोय’ हे वाक्य त्यांच्या कामाचा आधार नव्हतं. मग आधार कशाचा होता? आठवड्याच्या बैठकीचा. भेटींचं ध्वनिमुद्रण व्हायचं, ते सगळ्या समुपदेशकांसमोर लावलं जायचं आणि प्रत्येक जण ठरलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचा: रुग्णाचं बोलणं मध्येच तोडलं का, त्याच्या अडचणीवर आपणच तोडगा लादला का, त्याच्या म्हणण्याचा गाभा त्याला परत सांगितला का. हे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी ताडून पाहिले, तर सरावाने दोन्ही बऱ्यापैकी जुळू लागले. स्वतःचा आवाज चारचौघांत ऐकणं कुणाला आवडत नाही, आणि म्हणूनच ते काम करतं. ए.ए.मध्ये जे काम ‘मी अल्कोहोलिक आहे’ हे वाक्य करतं, तेच इथे टेपने केलं.

यावरून खरेपणाबद्दलचा आपला एक गैरसमजही दूर व्हावा. हल्ली खरं असणं म्हणजे सगळं बोलून मोकळं होणं, असा अर्थ लावला जातो. वरिष्ठाने व्यासपीठावरून आपल्या नैराश्याची कहाणी सांगितली की ती धाडसाची गणली जाते. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मदत करणाऱ्याच्या वृत्तीच्या अटी मांडल्या, तेव्हा त्यांचा आग्रह वेगळा होता: आत एक आणि बाहेर एक असं असू नये. कंटाळा आला असताना आस्था दाखवू नये, ठाऊक नसेल तर ठाऊक असल्याचा आव आणू नये. आतलं सगळं समोरच्यावर ओतावं असं त्यात कुठेही नाही. सिनानॉनच्या वर्तुळात सगळं ओतलं जायचं. गोव्यातल्या समुपदेशकाने स्वतःच्या घरचं अवाक्षर काढलं नाही तरी त्याला खोटं म्हणता येणार नाही. आणि स्वतःची कथा सांगायचीच असेल तर ती कुणाच्या गरजेसाठी सांगितली जाते आहे हे तपासणारं कुणीतरी हवं. सांगणाऱ्याला ते एकट्याने ओळखता येत नाही.

तिसरा आक्षेप उरतो: हे दारूपुरतं झालं, कार्यालयातल्या किंवा करिअरच्या पडझडीला ते कसं लागू? नैराश्याचे गोव्यातले आकडे वर आलेच आहेत, तेव्हा दारूपुरतं म्हणता येणार नाही. पण दोन ठिकाणी हे तत्त्व आपल्या रिवाजाशी सरळ टक्कर घेतं. ए.ए.च्या स्पॉन्सरच्या हातात कुणाची पगारवाढ नसते. आपल्या कार्यालयांत मात्र वार्षिक मूल्यमापन लिहिणारा साहेबच ‘काही अडचण असेल तर मोकळेपणी सांग’ म्हणतो, आणि सांगणाऱ्याने आईच्या आजारपणाचं किंवा मोडत चाललेल्या लग्नाचं सांगितलं की ते ‘सध्या लक्ष नाही’ या शेऱ्यात कधी उतरतं ते त्याला कळतही नाही. साहेब मनाने चांगला असला तरी ही अडचण सुटत नाही. दुसरं ठिकाण स्पर्धा परीक्षांचं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १० लाखांहून जास्त अर्ज आले आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. व्यासपीठावर जातात ते या हजारातले. पाचव्या प्रयत्नानंतर गावी कुठल्या तोंडाने जायचं हा प्रश्न पडलेली मुलं समोरच्या खुर्च्यांवर असतात. नॉर्डग्रेन आणि सहकाऱ्यांचे प्रयोग खरे असतील, तर या मुलांना समजून घेण्याची सगळ्यात कमी शक्यता व्यासपीठावरच्याच माणसाची आहे. अंतिम यादीत दोनदा हुकून दुसऱ्या कामाला लागलेला, आणि दर महिन्याला अभ्यासिकेत येऊन बसणारा एखादा माजी विद्यार्थी अधिक उपयोगाचा. त्याला बोलावायला मात्र कुणी मांडव घालत नाही.

अशा तजविजीसाठी खर्च लागतो तो पैशाचा कमी आणि वेळेचा जास्त, आणि नेमका तोच आधी कापला जातो. मार्गदर्शकांची निवड, त्यांचं दोन दिवसांचं शिबिर, प्रमाणपत्रं यांना निधी मिळतो, कारण ते दाखवता येतं. नंतरच्या आठवड्याच्या बैठकीला मिळत नाही. गोव्याच्या प्रयोगात ती बैठक उपचाराचाच भाग मानली होती, म्हणून टिकली. तोच कार्यक्रम आशा कार्यकर्तीच्या किंवा आरोग्य सेविकेच्या आधीच भरलेल्या दिवसात कोंबायचा झाला, तर टेप ऐकायला बसायचं कधी आणि गुण देणारे बाकीचे जमायचे कुठे, हे ठरवणारा आदेश लागेल. तसा आदेश निघाला नाही तर बैठकीच्या जागी महिन्याचा तक्ता येतो, आणि त्यात किती जणांच्या भेटी घेतल्या याचा रकाना असतो, भेटीत कोण किती वेळ बोललं याचा नसतो.